द्वारकाबाईंची किटली-मोहीम व मंडईची हकीकत

श्री ग्रामदेवता समर्थ. नळास पाणी असो, दिव्यास वीज असो, ऐकणारास सवड असो आणि सांगणारास दम असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात नगराध्यक्षपदाची, ज्यास लोक गादी म्हणतात तिची, लढाई जाहली. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्यातील मंडळी हयात आहेत आणि त्यांतील निम्मी रोज संध्याकाळी भेटतात. राज्य केवढे म्हणाल, तर रिक्षात बसावे आणि रिक्षावाल्याची गोष्ट अर्धी व्हावी तो पलीकडली वेस यावी, एवढे. परंतु राज्य ते राज्य. त्यास किल्ला होता, त्यास नगरपालिका म्हणत; खंदक होते, त्यांस गटारे म्हणत; आणि गादीवर राजश्री जालिंदरराव बोरगे हे मागल्या दोन खेपांपासून विराजमान होते. जालिंदरराव मोठे कर्ते पुरुष. त्यांनी रस्ते केले, मग रस्ते खणून नळ घातले, मग पुन्हा रस्ते केले, आणि दोहींचे श्रेय घेतले. राज्यात कोणी वारले की तिरडीचे बांबू येण्याआधी जालिंदरराव येत, आणि बारसे असले की पाळण्याआधी त्यांचे झबले येई. ऐशा पुरुषाशी लढाई करावी हे कोणा शहाण्याच्या मनात येणे नाही. म्हणोन ते द्वारकाबाईंच्या मनात आले.

द्वारकाबाई निमखेडकर म्हणजे राज्यातील बालवाडीच्या जुन्या बाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे नरम, जिव्हा शाबूत, आणि स्मरण ऐसे की राज्यात जन्मलेला मनुष्य पहिल्या दिवशी किती रडला हे बाईंस ठाऊक. अवघे राज्य त्यांस नुसते 'बाई' म्हणे. यजमान निवर्तल्यास बरीच वर्षे जाहली होती. घरात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ मथुराबाई, ऐशा दोघीच. मथुराबाई स्वभावाने तिखट, परंतु जाऊबाईंचा शब्द कधी ओलांडला नाही. शब्दावर टीका मात्र करीत. द्वारकाबाईंचा नित्यक्रम ऐसा की ऊन उतरले की पिशवी घ्यावी, मंडईत जावे, आणि कडुनिंबाखालच्या ओट्यावर पालेभाजी विकणाऱ्या हौसाबाईपाशी टेकावे. घ्यायची मेथीची एक जुडी. परंतु ती घेण्यास दिवेलागण होई, कारण मंडईत येणारा जाणारा प्रत्येक जण थांबे, 'बाई, बऱ्या आहात ना' म्हणे, आणि बाई त्यास त्याच्या आजोबांची एक गोष्ट सांगत. खरे सांगावयाचे तर बाईंचे उरलेसुरले आयुष्य त्या ओट्यावर होते. घरी नुसते जेवण आणि झोप होती. आणि तेवढ्यात किल्ल्यावर फलक लागला की मंडई या जागी राहणार नाही, ती बायपासच्या पलीकडे नव्या शेडमध्ये नेणार, आणि मंडईच्या जागी मजल्यांवर मजले चढवून व्यापारी संकुल उठणार.

हे वर्तमान ऐकताच बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली आणि बाई स्वतः वकिलातीस किल्ल्यावर गेल्या. जालिंदररावांनी दारापर्यंत येऊन बाईंस आत नेले, पंखा त्यांच्याकडे वळविला, चहा मागविला. बाई म्हणाल्या, "जालू, मंडई हलवतोस म्हणे?" जालिंदरराव म्हणाले, "हलवत नाही बाई, वाढवतोय. लोकांना गाड्या लावायला जागा नाही." बाई म्हणाल्या, "मंडईला गाडीनं जातात होय रे? मंडईला पिशवीनं जातात." जालिंदरराव हसून म्हणाले, "तुमच्यासाठी मी गाडी पाठवीन ना रोज. दारात उभी राहील." बाई म्हणाल्या, "मला दारातून उचलून मंडईत नेऊन टाकलंस, तर वाटेत भेटायचे ते लोक मला कुठं भेटायचे?" यावर जालिंदररावांनी बिस्किटाची बशी पुढे केली. तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मग या निवडणुकीत मी उभी राहते." जालिंदररावांस वाटले, बाई रागे भरून निघाल्या. ते म्हणाले, "उभ्या कशाला राहता बाई, बसा, चहा येतोय." चहा आला आणि बाईंनी घेतलाही, कारण आलेला चहा टाकावा हे त्यांच्या वळणात बसत नव्हते. परंतु युद्ध पुकारिले ते पुकारिले.

मग घरी येऊन मसलत बसली. मसलतीस बाई, मथुराबाई आणि बुधवारच्या भजनी मंडळातील काही जणी ऐशा सरदारिणी जमल्या. मथुराबाई म्हणाल्या, "जाऊबाई, तुम्हांला जिना चढवत नाही, आणि गादी वरच्या मजल्यावर आहे." बाई म्हणाल्या, "निवडून आले की खाली आणवीन." ऐसे धोरण ठरले. पुढे अर्ज भरिला आणि निशाणांची वाटणी जाहली. जालिंदररावांस रोडरोलर हे निशाण मिळाले, आणि ते त्यांस इतके शोभले की कोणी हसलेही नाही. बाईंनी पाटी-पेन्सिल मागितले होते, ते दुसऱ्या एका उमेदवाराने आधीच नेले, मग उरल्यासुरल्या वस्तूंतून बाईंच्या वाट्यास किटली आली. भजनी मंडळाने घरातली पितळी किटली घासून लखलखीत केली, तिला झेंडूची माळ घातली, आणि मथुराबाईंनी ती निशाणाप्रमाणे पुढे धरून चालावे ऐसा हुकूम जाहला. मथुराबाई म्हणाल्या, "लग्न होऊन या घरात आले तेव्हा याच किटलीनं चहा ओतायला सुरुवात केली. म्हातारपणी आता हिला मिरवायचं. बढती झाली म्हणायची." आणि किटली घेऊन चालल्या.

मग फौज कूच करून निघाली. मोहिमेचा डाव बाईंनी ऐसा आखला की आपणास सारे राज्य ओळखते, सबब प्रत्येकास त्याची ओळख द्यावी आणि मत मागावे. डाव ऐकण्यास बरा होता. गवळ्यांच्या आळीत शिरताच बाईंनी पहिल्या घरातील शिवराम गवळ्यास मोठ्याने सांगितले, "अरे, तुझ्या आजानं दुधात पाणी घालायचं सोडलं ना, तो दिवस मला अजून आठवतो. काय माणूस होता! सोडलं म्हणजे सोडलं." शिवराम म्हणाला, "बाई, जरा हळू बोला, गिऱ्हाईक उभं आहे." ते गिऱ्हाईक गेले आणि आळीही गेली. पुढे सराफाच्या पेढीवर गेल्या आणि चार लोकांत म्हणाल्या, "तू लहानपणी नाकात वाटाणा घातला होतास, तो मी काढला. किटली लक्षात ठेव." सराफाने लक्षात ठेवली, परंतु ज्या कारणाने ठेविली ते मतदानाच्या कामी येण्यासारखे नव्हते. मग नव्या वसाहतीत गेल्या. तेथील मंडळी परगावची, बाईंस न ओळखणारी. त्यांस आपलेसे करावे म्हणोन बाईंनी प्रेमाने सांगितले की तुमच्या इमारती जेथे आहेत तेथे पूर्वी चिंचांचे बन होते, आणि शेवटच्या चिंचेवर एक हडळ राही, ती कोणास काही करीत नसे, नुसती नाव विचारी. त्या दिवसापासून वसाहतीतील बायकांनी संध्याकाळचे फिरणे बंद केले. मथुराबाई म्हणाल्या, "जाऊबाई, मत मागताय की तेराव्याचं आमंत्रण देताय?" बाई म्हणाल्या, "मी खरं तेच सांगते." मथुराबाई म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे."

एक जाहीर सभाही जाहली. लोक बऱ्यापैकी जमले, कारण सभा मारुतीच्या पटांगणात होती आणि शेजारी भज्यांची गाडी होती. बाईंनी भाषण आरंभिले ते राज्यात वीज नव्हती तेथून. मग दुष्काळ आला, मग दुष्काळात वाटलेली सुकडी आली, मग पहिली मोटार आली आणि ती ओढ्यात कशी अडकली ते आले, मग ती काढणाऱ्या बैलांची नावे आली. लोक मन लावून ऐकत होते, कित्येक म्हाताऱ्यांच्या डोळ्यांस पाणी आले. परंतु मंडईचा विषय येण्याआधी पोलिसाने येऊन सांगितले की भोंग्याची वेळ संपली. ऐसे भाषण इतिहासात शिरले ते वर्तमानात परतलेच नाही. घरी जाताना एक मनुष्य दुसऱ्यास म्हणाला, "बाई छानच बोलल्या. पण उभ्या कशासाठी आहेत?" दुसरा म्हणाला, "वीज आणायची आहे बहुतेक."

ऐसे होता होता प्रचाराचा शेवटला दिवस आला. तो बाजाराचा वार होता. दोन्ही फौजा मंडईत समोरासमोर आल्या. एकीकडे जालिंदररावांची फुलांनी मढविलेली जीप, मागे मोटारसायकली, ताशे, भोंगे. एकीकडे मथुराबाई, किटली आणि भजनी मंडळ. टाळ विरुद्ध ताशा ऐसे थोडा वेळ चालले. मग जालिंदररावांनी हात वर करून ताशे थांबविले, जीपमधून उतरले, जोडे काढिले, आणि भर मंडईत, कोथिंबिरीच्या काड्यांत गुडघे टेकून, बाईंच्या पायांवर डोके ठेविले आणि म्हणाले, "बाई, आशीर्वाद द्या." येथे बाईंच्या हातून ती चूक जाहली, जी दुसऱ्या कोणत्याही राज्यातील सेनापतीच्या हातून होणे नाही. पाया पडलेले पोर दिसले आणि बाईंचा उजवा हात आपोआप त्याच्या मस्तकावर गेला, आणि मुखातून, जन्मभराच्या सवयीने, स्पष्ट आणि खणखणीत शब्द गेले, "यशस्वी हो! विजयी हो!" जालिंदररावांच्या फौजेने ऐसा जल्लोष केला की कडुनिंबावरचे कावळे उठोन गेले. ताशे वाजो लागले. भजनी मंडळातील एकीने चुकून टाळही वाजविले.

मथुराबाईंनी किटली खाली ठेविली आणि म्हणाल्या, "जाऊबाई, हे काय केलंत?" बाई म्हणाल्या, "मग काय करू? पाया पडलेल्या पोराला 'आपट' म्हणू?" मथुराबाई म्हणाल्या, "अहो, 'औक्षवंत हो' म्हणायचं! आयुष्य द्यायचं, गादी कशाला दिलीत?" बाई हळूच म्हणाल्या, "त्या वेळी तेवढंच आठवलं." ज्यांस बैलांची नावे आठवत होती, त्यांस त्या घडीस दुसरा आशीर्वाद आठवू नये, हा दैवाचा खेळ.

शत्रू जागा होता. कोणी तरी तो आशीर्वाद मोबाईलमध्ये धरून ठेविला होता. प्रचार थांबावयास थोडा अवकाश होता, तेवढ्या अवकाशात जालिंदररावांच्या रिक्षा गल्लोगल्ली फिरो लागल्या आणि भोंग्यांतून बाईंचा स्वतःचा आवाज येऊ लागला, "यशस्वी हो! विजयी हो!" आणि मागोमाग, "किटलीवाल्या बाईंचा आशीर्वाद कुणाला? रोडरोलरला!" बाईंनी दारे खिडक्या लावून घेतल्या, परंतु शत्रूच्या तोफखान्यातून आपलाच आवाज येत असता दारे लावून काय होणार? मथुराबाई म्हणाल्या, "आवाज मात्र तुमचा छान आलाय हो. सभेत इतका स्वच्छ आला नव्हता."

मग मतदान जाहले आणि मग मोजणी जाहली. जालिंदररावांचे मताधिक्य ऐसे की मोजणारे मध्येच चहास गेले, येऊन पाहतात तो आणखी वाढलेले. बाईंची मते मोजण्यास यंत्रास काही श्रम पडिले नाहीत. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, आणि बाईंच्या घरावरून जाताना ताशेवाल्यांनी मर्यादेने वाद्ये थांबविली, जैसी दवाखान्यासमोर थांबवितात. पराभवात हे अधिक लागले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र आश्चर्य घडो लागले. सांत्वनास जो येई तो एकच गोष्ट सांगे. शिवराम गवळी आला आणि म्हणाला, "बाई, मनात किटलीच होती हो. पण तुम्ही त्याला विजयी हो म्हणालात. आता तुमचा शब्द खाली पडू द्यायचा का आम्ही?" सराफ आला आणि म्हणाला, "बाईंच्या तोंडून निघालं आणि खोटं झालं, असं आजवर झालं नाही. ते पाप आम्ही कशाला घ्यायचं?" वसाहतीतील बायका आल्या, त्याही तेच म्हणाल्या. आणि ऐकता ऐकता बाईंचा चेहरा फुलो लागला. पराभव तो पराभव नव्हेच. राज्याने आपला शब्द राखण्याकरिता आपणासच पाडिले, ऐसे त्यांच्या मनाने घेतले. पूर्वी सत्यवचनी राजे होऊन गेले, त्यांच्या पंक्तीस आपण गेलो ऐसे वाटोन बाई दोन वेळा जास्त जेवल्या. मथुराबाई एवढेच म्हणाल्या, "सगळं गाव तुमचा शब्द पाळतं, तर मग तुम्ही शिवरामला इतकी वर्षं मीठ कमी खा म्हणता, ते निदान त्यानं तरी ऐकायला हवं होतं." परंतु विजयी वीरास कोण अडविणार?

मग बाईंनी विचार केला की ज्या शब्दाचा एवढा मान, तो शब्द कामी लावावा. आणि पौषातल्या एका बाजाराच्या वारी त्या मंडईत गेल्या, हौसाबाईच्या ओट्यावर, मथुराबाईंचा खांदा धरून, उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ऐका सगळे! ही मंडई इथून हलणार नाही. हा माझा शब्द आहे." मंडईतील सर्व मंडळींनी माना डोलविल्या. मिरचीवाला म्हणाला, "होय बाई." कांदेवाली म्हणाली, "तुमचा शब्द म्हणजे झालंच." फक्त हौसाबाईने मान हलविली नाही, ती मेथीवर पाणी शिंपडीत राहिली. बाई समाधानाने घरी आल्या आणि माघी चतुर्थीस, नव्या शेडच्या उद्घाटनाचा मुहूर्त होता त्या दिवशी, आता पाहू जालूच्या शेडमध्ये कोण जाते, ऐसे म्हणत पिशवी घेऊन सकाळीच निघाल्या.

येऊन पाहतात तो मंडई रिकामी. ओटे धुतलेले, पाला झाडलेला, कडुनिंबाखाली एक कुत्रे निजलेले. सारी मंडई पहाटेच टेम्पोंत चढून बायपासपार गेली होती. एकटी हौसाबाई शेवटली टोपली बांधीत होती आणि रस्त्यावर तिच्या भाच्याचा टेम्पो भोंगा वाजवीत होता. बाई ओट्याच्या कडेस बसल्या आणि म्हणाल्या, "हौसा, माझा शब्द गं?"

हौसाबाई म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक जातंय तिकडं भाजी जाणार. भाजीला शब्द कळतोय व्हय?"

बाई म्हणाल्या, "मग निवडणुकीत कसा कळला सगळ्यांना?"

हौसाबाईने टोपलीची गाठ आवळली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका. मी किटलीलाच मत दिलं. तुमचा आशीर्वाद मीबी ऐकला, माझ्या ओट्यापुढंच दिला की तुम्ही. पण आशीर्वाद तोंडानं असतोय, मत बोटानं. त्यात कसला आलाय गोंधळ? बाकीच्यांना त्यालाच द्यायचं हुतं. त्यानं नळ दिला, रस्ता दिला. दिलं. चूक न्हाई काय त्यात. पण मग तुमच्याम्होरं कुठल्या तोंडानं यायचं? तुम्ही एकेकाचं नाक पुसलंय. म्हणून तुमचाच शब्द तुमच्या पदरात घातला आन मोकळे झाले."

बाई म्हणाल्या, "म्हणजे सगळे खोटं बोलले?"

"बोलले की. अवघं गाव तुमच्या घरी चालत येऊन खोटं बोललं. हरलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या घरी गेलं का कोण? त्या पाटी-पेन्सिलवाल्याच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं न्हाई." आणि हौसाबाई टोपली उचलून म्हणाली, "चला. फुडं बसा, जागा हाय. घरात भाजी हाय का?"

घरात भाजी नव्हती. मग बाईंनी पदराने डोळे टिपले, आणि टेम्पोत चढण्यास भाच्याने एक पालथे क्रेट मांडले, त्यावर पाय देऊन बाई चढल्या, आणि मांडीवर फ्लॉवरचा एक गड्डा घेऊन, कारण तो मागे मावत नव्हता, बायपासच्या पलीकडे डेरेदाखल जाहल्या.

तेथे पाहतात तो मोठाच कल्लोळ. शेड उंच, पत्रा नवा, ओटे सारखे आणि कोरे. कारभाऱ्यांनी सर्व बांधिले होते, परंतु कोणी कोठे बसावे हे ठरविण्याचे राहिले होते. ते म्हणे उद्घाटनानंतर बैठकीत ठरणार होते. दारास लाल फीत बांधिली होती आणि जालिंदररावांच्या येण्यास उशीर होता. मंडळी फितीखालून आत शिरून दाराजवळच्या ओट्यांवरून हातघाईस आली होती. कांदेवाली म्हणे, "मी आधी टोपली ठेवली!" मिरचीवाला म्हणे, "टोपली कुणीबी ठेवील, बूड कुणाचं टेकलंय ते बघ!" केळीवाल्याचा घड तुटला होता. भाजी उन्हात पडली होती आणि कोणी कोणाचे ऐकत नव्हते. बाईंनी हे पाहिले. त्यांस वाटले, येथे पूर्वी काय होते ते सांगावे आणि लोकांस शांत करावे. परंतु येथे पूर्वी काहीच नव्हते, एक उकिरडा सोडून. तेव्हा बाईंनी गोष्ट सांगण्याचे सोडिले, दोन्ही हातांनी टाळी वाजविली, आणि बालवाडीच्या आवाजात ओरडल्या, "गप्प! सगळ्यांनी हाताची घडी! तोंडावर बोट!"

आणि आश्चर्य पाहा, निम्म्या मंडईने खरोखरच तोंडावर बोट ठेविले. हात आपोआप गेले, जैसा बाईंचा हात जालिंदररावांच्या मस्तकी गेला होता. मग बाई म्हणाल्या, "दाराशी भांडू नका. कांदे-बटाटे दाराशी, ओझं असतं, लोकांना जाताना घ्यायचं असतं. मिरच्या आणि लिंबं शेजारी, पहिल्यापासून तशीच बसतात ती. केळ्यांना मधे बसवा, दाराशी ऊन लागेल. सखू, तू हौसाच्या डाव्या अंगाला, तुझी सासू तिच्या सासूच्या डाव्या अंगाला बसायची, त्या पुढं भांडल्या तेव्हासुद्धा बसायची." ऐसे म्हणत म्हणत बाईंनी एकेकास हात धरून ओट्यावर बसविले, आणि घटकाभरात जुनी मंडई होती तशी, ज्याच्या शेजारी जो होता त्याच्या शेजारी तो, नव्या पत्र्याखाली बसली. फक्त कडुनिंब तेवढा आला नाही. तराजू लागले, भाव ओरडले जाऊ लागले, आणि गिऱ्हाईके फितीखालून वाकून आत येऊ लागली.

तितक्यात ताशे वाजत जालिंदरराव पावले, गळ्यात हार, हातात चांदीची कात्री. पाहतात तो उद्घाटन होऊन राज्य सुरूही जाहलेले, आणि फितीपाशी द्वारकाबाई उभ्या, एका हातात मेथी, दुसऱ्या हाताने फीत वर उचलून लोकांस आत घेताहेत. जालिंदरराव म्हणाले, "बाई, तेवढी फीत सोडा की, कापायची आहे." बाई म्हणाल्या, "कापतोस कशाला चांगली फीत? हौसाला जुड्या बांधायला होईल." आणि मागची गिऱ्हाईके खोळंबली होती, सबब बाईंनी फीत हातभर उचलली आणि म्हणाल्या, "ये आत. वाकून ये, जालू, डोकं लागेल." आणि जालिंदरराव हार सावरीत, कात्री पाठीमागे धरून, वाकून आत शिरले.

ऐसी ही लढाई जाहली. गादी जालिंदररावांकडेच राहिली, आणि राहावी हे बहुतांचे मत होते. मंडई गेली ती गेली. बाई आता हौसाबाईच्या भाच्याच्या टेम्पोत पुढल्या आसनावर बसून रोज जातात, वाटेत भाच्यास जुन्या गोष्टी सांगतात, आणि भाचा रेडिओचा आवाज वाढवितो. राजे सुखरूप, बाई सुखरूप, भाजी महाग. इति किटली-मोहीम समाप्त.